माशा मारणारी

वडिलांनी कानामागची पेन्सिल काढली, कार्ड नाकाशी धरलं आणि एका शब्दाखाली रेघ ओढली.

"शुद्धलेखन चुकलं का?" मुलीने शिडीवरूनच विचारलं.

"नाही. शब्दच चुकलाय. 'निरर्थक'."

ती खाली उतरली. प्रदर्शन उद्या उघडायचं होतं आणि हे दालन म्हणजे तिची दोन वर्षांची मेहनत होती. जुन्या काळी एका मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांनी एका बाईचे सहा फोटो काढून आपल्या पुस्तकात छापले होते. खाली ओळ होती, आता कार्डावरही तीच : 'रुग्णा, वय एकतीस. दिवसभर हवेतल्या माशा मारते. हालचाल निरर्थक.' पुस्तक डॉक्टरांपेक्षा कलावंतांनीच जास्त चाळलं. एका चित्रकाराने त्यावरून भिंतभर चित्र रंगवलं, चित्र पाहून नट्यांनी हाताची ती लकब उचलली, आणि पुढे कित्येक वर्षं नाटकात बाईला वेड लागलं की तिची बोटं हवेत काहीतरी टिपू लागत. कादंबरीकारही मागे राहिले नाहीत. दालनाच्या दारावर लाकडी अक्षरांत नावही तेच लागलं होतं, 'माशा मारणारी'.

"ते मी नाही म्हटलेलं, बाबा. डॉक्टरांनी म्हटलंय."

"मग डॉक्टरांना छापखान्याचा वाराही लागला नव्हता."

चाळीस वर्षं कंपोझिटर म्हणून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेल्या माणसाला जिथे तिथे छापखानाच दिसायचा. छापखाना बंद पडला, तरी मुलीची कार्डं तपासायचा हक्क त्यांनी सोडला नव्हता. तिला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. फोटोंपुढून ते एकदा इकडून तिकडे गेले, मग परत आले.

"डावा हात बघ."

"रिकामा तर आहे."

"म्हणून अंगठा बघ म्हणतोय. कंपोझिटरच्या डाव्या हातात स्टिक असते, ओळ जुळवायची छोटी पट्टी. उजव्याने खणातून एकेक खिळा उचलायचा, स्टिकमध्ये लावायचा, आणि तो पडू नये म्हणून त्याच्यावर अंगठा दाबून धरायचा. ओळ वाढते तसा अंगठा पुढे सरकतो."

पहिल्या फोटोत अंगठा तळव्यापाशी होता. दुसऱ्यात जरासा पुढे. पाचव्यात पार बोटांच्या टोकांशी, आणि सहाव्यात पुन्हा तळव्यापाशी.

"इथे नवी ओळ घेतली तिने," वडील म्हणाले.

मुलगी वळली. समोरच्या मोठ्या चित्रात डावा हात सुरेख उघडा होता, काही मागत असल्यासारखा. वाकडा अंगठा चित्रकाराने सरळ करून टाकला होता.

"म्हणजे आजारी नव्हतीच ती?"

"असेलही आजारी. हात कामावर होता, एवढंच म्हणतो."

"काय जुळवतेय पण?"

त्यांचा उजवा हात वर गेला. फोटोतल्या हाताच्या मागोमाग तो हवेतच एका खणावरून दुसऱ्यावर फिरला आणि अडला.

"ह्या जागी माझ्याकडे 'घ' असायचा. तिच्याकडे काय होतं, कोण सांगणार? प्रत्येक छापखान्याचे खण निराळे." ते चिडले होते, स्वतःवरच. "शेजारी उभा असतो तर वाचलं असतं."

ती त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. तिच्या लहानपणी सुट्टीच्या दुपारी बाबा पलंगावर आडवे झाले की झोपेत त्यांची बोटं हवेत अशीच काहीतरी टिपायची. ती घाबरून आईला बिलगायची. "अगं, माशा मारतायत," असं म्हणून आई हसायची, आणि त्यांचा हात हलकेच चादरीखाली सारायची.

मुलीने कोरं कार्ड घेतलं. 'कंपोझिटर, वय एकतीस. कामावर.' वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि पेन्सिल न टेकवता पुन्हा कानामागे खोचली.

मग तिने संचालकबाईंना फोन लावला.

"नाव बदलायचंय? उद्या उघडायचंय आपल्याला! वेड लागलंय का तुला?"

"अक्षरंच तर बदलायची आहेत, मॅडम. बाबा आहेत इथे."

फोन ठेवून ती वळली. वडील उरलेल्या लाकडी अक्षरांच्या खोक्यापाशी जाऊन उभे होते. उजवा हात खोक्यावर होता आणि रिकाम्या डाव्या हाताचा अंगठा वाकला होता.

"सांग," ते म्हणाले. "काय जुळवू?"