यल्लाप्पाची खूण

"आण्णा, तुमची खूण हाय ह्यावर, तरी बंद पडलं की वं," म्हणत तानीबाईने मिक्सर यल्लाप्पाच्या पुढ्यात ठेवला.

भर बाजारात डोक्यावरची टोपी उडावी तसं यल्लाप्पाला झालं. निपाणीत सत्तावीस वर्षं तो स्टोव्ह, गॅसबत्त्या, पंखे दुरुस्त करत होता. काम मनासारखं झालं की वस्तूवर छिन्नीने 'य' ठोकायचा आणि वर गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "परत आली तर खूण माझ्या हातानं घासून काढीन." बोलायला काय जातंय? एकही वस्तू परत आली नव्हती.

तंबाखूच्या वखारीत राबून तानीबाईची मनगटं कायमची सुजली होती. पाट्यावर वाटण होईना, म्हणून बेळगावात कारकून असलेल्या लेकाने हा मिक्सर आणून दिला. सहा महिन्यांत मोटरीवरचा, भांडं फिरवणारा प्लास्टिकचा कपलर तुटला. यल्लाप्पाला प्लास्टिकचा मनस्वी राग. "पोरखेळ हाय ह्यो," म्हणत त्याने लेथवर तसाच पितळेचा कातून बसवला आणि त्यावर झोकात 'य' ठोकला. त्याला जेमतेम महिना झाला होता.

"काय वाटत हुता, आक्का?"

"हळकुंडं. अडाकली, नुसतं गुरगुराय लागलं. मग धूर."

त्याने खालचं झाकण काढू पाहिलं. ते चिकटवलेलं होतं, काढता काढता चिरलंच. आत तारा जळून कोळसा झाल्या होत्या. यल्लाप्पा बघत राहिला. भांडं अडकलं की प्लास्टिक तुटायचं, म्हणून मोटर वाचायची. ते तुटण्यासाठीच केलेलं होतं. त्याचं पितळ तुटलं नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आता मालच तसला येतोय. तुमी काय करनार?" तानीबाई म्हणाली.

"माल वाईटच हाय, आक्का. पर मारला मी."

"तार भरून हुनार न्हाय?"

"न्हाय. झाकान फुटलं, परत बसनार न्हाय. पाटा हाय न्हवं घरात?"

"लेकीला दिला की, तिच्या सासरी कणकुंबीला. म्हटलं, आता कशाला लागतोय." तिने मनगट चोळलं. "लेकाला काय सांगू? हौसेनं आनलाय त्यानं."

यल्लाप्पाने कानस उचलली.

"ऱ्हाऊ द्या की आण्णा. कोन बघतंय?"

"धरा जरा घट्ट."

मेलेला मिक्सर तिने दोन्ही हातांनी दाबून धरला. कपलरला साधा ओरखडाही नव्हता. यल्लाप्पा खाली मान घालून घासत राहिला. खूण खोल ठोकली होती, लवकर निघेना. प्रत्येक ओढीला तानीबाईची मनगटं दुखत होती, पण तिने हात सोडले नाहीत.