बायकोच्या गाडीतला शिकाऊ

लिफ्टमिस्त्रीशी संसार करणं सोपं नाही, असं त्याच्या बायकोचं म्हणणं होतं. म्हणजे ती तसं कधी म्हणायची नाही. तेच तर दुखणं होतं.

ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून लोकांना स्वच्छ सांगायची, आता डावीकडे घ्या, आरशात बघा, जरा दम धरा. घरात पाऊल टाकलं की भाषा बदलायची. काय झालं विचारलं तर काही नाही. बाहेर जेवायला जाऊ या का, तर बघ तुला काय वाटतं ते. मिस्त्रीही कमी नव्हता. बंद पडलेली लिफ्ट कुठे अडलीय ते तो घटकेत ओळखायचा, पण घरी त्याचा सगळा कारभार 'हं' आणि 'बरं' एवढ्यावर चालायचा.

लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. मिस्त्रीची थोरली बहीण पंधरा दिवस राहायला येणार होती. त्याने बायकोला विचारलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, येऊ देत की, मला काय. मिस्त्रीला हायसं वाटलं. त्यानंतर घरातलं प्रत्येक भांडं जरा जास्तच जोरात ठेवलं जाऊ लागलं. ओट्याची फरशी सैल झाली असावी, असं समजून त्याने ती दोनदा ठोकून पाहिली.

त्याच आठवड्यात कंपनीने त्याला सांगितलं, सामानाची व्हॅन आता तूच चालवायचीस, लायसन काढून घे. तो सरळ बायकोच्या स्कूलमध्ये नाव घालून आला. तिने एकच बजावलं, गाडीत मी तुझी बायको नाही.

"सीट पुढे घ्या," पहिल्या दिवशी ती म्हणाली. मिस्त्रीने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ती सगळ्याच शिकाऊंना अहो-जाहो करायची, ते तोंडात बसलेलं होतं. क्लच हळू सोडा. घाबरू नका. तुमचं लक्ष त्या बसकडे आहे, ते रस्त्यावर असू द्या. मिस्त्रीला अगदी भरून आलं. बायकोला नक्की काय हवंय, हे लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला जागच्या जागी कळत होतं.

दोनचार दिवसांनी गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने धीर केला. समोर बघतच विचारलं, "ताई येणार याचं तुला वाईट वाटलंय का?"

"गिअर बदला," ती म्हणाली. त्याने बदलला. मग तीही समोरच बघत म्हणाली, "ताई येतात ते मला आवडतं. पण तू मला विचारतोस तेव्हा त्यांचं तिकीट काढून झालेलं असतं. मग विचारतोस कशाला?"

अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं. मिस्त्रीने विचार केला. तिकीट त्यानेच काढलं होतं, तेही आधीच. त्याने ते कबूल केलं आणि एकदा जीभ सुटली तशी पुढचंही बोलून गेला. "तू काही नाही म्हणालीस ना, की मला वाटतं माझंच काहीतरी चुकलंय. ते ऐकावं लागेल म्हणून मी पुढे विचारतच नाही."

बोलण्याच्या नादात मोकळा रस्ता संपून चौक आला, तरी त्याला लाल सिग्नल दिसलाच नाही. गाडी गचकन थांबली, कारण एक ब्रेक तिच्याही पायाखाली होता. मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

"बोलणं चालू ठेवा," ती म्हणाली, "गाडी नको." मग दोघांनाही हसू आवरेना.

त्यानंतर मिस्त्रीची शिकवणी लांबतच गेली. गाडी मागे घेता घेता त्याला कळलं की त्याची आंघोळीतली शीळ तिच्या डोक्यात जाते. वळण घेताना त्याने सांगितलं की त्याचे जुने शर्ट न विचारता देऊन टाकलेले त्याला मुळीच चालत नाहीत. इतका मठ्ठ शिकाऊ पाहिला नाही, असं स्कूलचे मालक म्हणू लागले, तेव्हा तिने गाडी कडेला घ्यायला लावली.

"तुला येतंय की नाही? खरं सांग."

"येतंय," तो म्हणाला. "पण घरी गेलं की आपण पुन्हा गप्प होतो."

तिने स्टिअरिंगवरचे त्याचे हात नीट जागेवर ठेवले. मग म्हणाली की टेस्ट तर द्यावीच लागेल, घरचं घरी बघू. तो पास झाला.

ताई आल्या तेव्हा घरात नव्या पडद्यांवरून वाद चालला होता. मिस्त्रीने हौसेने आणलेले पडदे बायकोला अजिबात आवडले नव्हते आणि तिने ते तोंडावर सांगितलं होतं. त्याला वाईट वाटलं, तेही त्याने सांगितलं. पडदे बदलून आणायला दोघं गेली आणि दुकानात रंगावरून पुन्हा जुंपली. निघायच्या दिवशी ताईंनी भावाला बाजूला घेतलं. "तुम्ही पूर्वी किती शांत होतात रे," त्या काळजीने म्हणाल्या.

मिस्त्रीने हसत व्हॅनचं दार उघडलं. ताईंना सोडायला दोघंही व्हॅन घेऊन निघाली आणि कुठल्या रस्त्याने जायचं यावरून स्टँड येईपर्यंत भांडली. ताई मागे बॅग मांडीवर धरून बसल्या होत्या. बस मात्र वेळेवर मिळाली.