पांढरा ग्वान यू

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ग्वान यूचा चेहरा पांढरा पडला.

शौशान गावच्या वेंग शाओचुनने या मूर्तीत अकरा महिने घातले होते. पांढऱ्या मऊ दगडावर एका बाजूला तांबडा पापुद्रा होता. त्यातच त्याने या निष्ठेच्या देवाचा लालबुंद चेहरा कोरला होता. या कामात रंग फासत नाहीत. दगडात जो असेल तोच कामी आणायचा. काल संध्याकाळी त्याने मूर्ती घासायला थोरल्या भावजयीकडे, जुओ युएइंगकडे दिली. घासण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तिने पाण्यात बुडवून बारीक पॉलिशपेपरने चेहरा इतका घासला, की पापुद्राच गेला.

"गुळगुळीत झालाय की नाही, बघा तरी भाऊजी."

"झालाय वहिनी. ग्वान यू तेवढा राहिला नाही."

तिने उलट त्यालाच सुनावलं. लाल थर पातळ आहे, हे सांगायला काय पैसे पडत होते? तीस वर्षं घासणारीला हेही सांगायचं का, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण सांगायचं राहिलं होतं हे खरंच, आणि त्यानेच तो जास्त चिडला.

दुपारी तीनला मूर्ती बघायला परीक्षक येणार होते. त्यांनी द्यायची उस्तादाची पदवी वयाच्या पंचावन्नपर्यंतच मिळते, आणि वेंगचं पंचावन्नावं सरत आलं होतं.

शेजारचा कारागीर पान देमिंग चहाचा पेला घेऊन सल्ला द्यायला आला. आधी म्हणाला, थोडा रंग लाव. परीक्षक भिंग घेऊन येतात, वेंगने आठवण करून दिली. मग पानने नवीच शक्कल काढली.

"नाटकात पांढरं तोंड कपटी मंत्र्याचं असतं. ग्वान यूचा तो शत्रूच घडवला म्हण की."

"आणि ग्वान यूची ही कमरेपर्यंतची दाढी त्याने उसनी आणली म्हणू?"

पान हसला. वेंग हसला नाही. त्याला मूर्तीच्या डाव्या कानाखाली केसाएवढी लाल रेघ आत शिरताना दिसली होती. ती आत पसरली असेल, तर चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा खोल नेऊन पुन्हा कोरता येईल. नसेल, तर नाकही जाईल. त्याने पटाशी उचलली.

"झालं की द्या, मी घासून देते," वहिनी म्हणाली.

"तुम्ही बाहेर बसा."

अकरा वाजता कपाळाचा अर्धा थर निघाला होता. खाली अजून पांढराच दगड होता. परीक्षकांची गाडी फूचौ शहरातून निघाल्याचा फोन तेवढ्यात आला.