सलोमीनं मागितलेली बोटं

आमेन म्हणायची आम्हाला भारी घाई. पाळकसाहेबांचं वाक्य अजून अर्ध्यावर असतं, तोवर मागून दणक्यात आमेन येतो. कुणी शिंकलं तरी आमेन म्हणेल अशी आमची मंडळी. मी काही वेगळी नाही, उलट माझाच आवाज सगळ्यांत मोठा. कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते ना, तिथं ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकूच येत नाही. पण त्या रविवारी या आमेननं आम्हा सगळ्यांना असं अडकवलं की विचारू नका.

आमची उपासना महाळुंग्यात एका पत्र्याच्या शेडात होते. शेजारी ट्रेलरच्या टायरांचं पंक्चर काढणारा आहे. उपदेश रंगात आला की नेमका त्याचा कॉम्प्रेसर सुरू होतो. तर उपदेशाआधी साक्षीची वेळ असते. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चारचौघांत सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाचा पोरगा पर्मनंट झालेला असतो. त्या दिवशी उठली ती सलोमी. माझ्या संडे स्कूलमधली, तिसरीतली पोर. दोन वेण्या, गुडघ्याला कायम कुठंतरी खरचटलेलं.

"माझ्या पप्पांची तीन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मी देवबापाकडे ती परत मागितलीत. ईस्टरपर्यंत येतील."

"आमेन!" अख्खी मंडळी म्हणाली. मी सगळ्यांच्या वर.

आणि मग काय ऐकलं ते एकेकाच्या डोक्यात शिरायला लागलं. पेटीवाला पेटीवर हात ठेवून तसाच बसला. सलोमीची आई, करिष्मा, बायकांच्या रांगेत मान खाली घालून बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. सलोमी मात्र फ्रॉक नीट करून खाली बसली. जणू बोटं स्टँडवरून एसटीत बसून निघालीच आहेत.

माझं डोकं फिरलं ते त्या पाहुण्या तेजस्विनीताईवर. नाताळच्या सुट्टीत बालशिबिर घ्यायला पुण्याहून आली होती. गोड पोरगी, नाव ठेवायला जागा नाही. हातवारे करून एक गाणं शिकवलं, जे मागाल ते मिळेल, मागा मागा मागा. पोरं नाचली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, ताई गाडीत बसून गेली. आता निस्तरायचं कुणी? आम्ही!

पण सगळं तिच्या माथी मारायचं म्हटलं तर तेही खोटंच. येशूला धरायला शिपाई आले तेव्हा एका दासाचा कान तुटला आणि येशूनं हात लावून तो बरा केला, ही गोष्ट मीच रंगवून सांगितली होती. वाळलेला हात येशूनं बरा केला त्या माणसाचीही मीच सांगितली. पुढच्या रविवारी मी सलोमीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बाळा, बोटं अशी परत येत नसतात गं." तर ती म्हणते, "कान आला ना टीचर?" वर म्हणते, "पालीची शेपटी येते. पाल तर देवाचं लेकरूसुद्धा नाही."

पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शालनबाई, पोर तुमच्या वर्गातली. तुमचं ऐकेल." झालं, झटकले हात.

पोरं कुठं गप्प बसतात? दर रविवारी चप्पल काढता काढताच सलोमीला विचारायची, "आली का गं?" कारखान्यातल्या लोकांची पोरं ती. प्रज्वल म्हणून एक वात्रट आहे, तो विचारायचा, "किती एमएम झाली?" सलोमी शांतपणे सांगायची, "अजून नाही. ईस्टरला वेळ आहे." मी प्रज्वलचा कान पिरगाळायचे, पण ईस्टर जवळ यायला लागला तसा माझाच जीव टांगणीला लागला. एवढीशी पोर, एवढा मोठा भरवसा. ईस्टरच्या सकाळी बापाचा हात तसाच दिसला की हिचं काय होणार? देवावरनं तिचं मन एकदा उठलं, तर मी कितीही गोष्टी सांगितल्या तरी ते परत बसणार नव्हतं. मी प्रार्थना करायचे आणि प्रार्थनेतच देवाशी भांडायचे. म्हणायचे, तू एवढा समर्थ आहेस ना, मग हिला काय सांगायचं ते तरी सांग. आमचं काही दगडाचं काळीज आहे काय?

देव काही बोलला नाही. शेवटी ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मीच उठले आणि त्यांच्या खोलीवर गेले. ठरवूनच गेले होते. रविवारी सगळ्यांसमोर भरवसा मोडण्यापेक्षा आज घरात, माझ्या कुशीत मोडलेला बरा.

कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांची ती लांबलचक रांग, समोर एकच नळ. करिष्मा डबा घेऊन कामावर निघाली होती, ती नळापाशीच भेटली. मी कशाला आले ते सांगितलं तर रडायलाच लागली.

"मावशी, तुमी सांगा. माझ्यानं न्हाई होत," ती म्हणाली. "आन् यांचं तर काय सांगू. दिवाळीत झालं तवापासून हात कुणाला दावत न्हाईत. टावेलात गुंडाळूनच ठेवतेत. जेवायला बसले तर भिंतीकडं तोंड करून, डाव्या हातानं. डॉक्टरनं तेल लावून चोळायला सांगितलं, तर मला जवळ येऊ देत न्हाईत. खरं सांगू? मलाबी बघवत न्हाई. एकदा बघितलं, तर माझं तोंड कसं झालं ते त्यांनी पाह्यलं. तेच नडलं." रस्त्यावर कंपनीची बस हॉर्न देत होती. ती डोळे पुसत पळाली.

मी दारात पोचले. आत शेखर, सलोमीचा बाप, गादीवर भिंतीला टेकून बसला होता. चांगला धिप्पाड गडी, पण अंग चोरून असा बसला होता की ओळखू येईना. मांडीवर टॉवेल, त्याखाली उजवा हात. मला पाहून नुसती मान हलवली. सलोमी तेलाची वाटी घेऊन त्याच्यापुढं मांडी घालून बसलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा टीचर, मम्मी गेली की आमचं रोजचं बघायचं असतं, ते राहिलंय. पप्पा, हात."

शेखरनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता काही हा काढत नाही. पण पोरीनं दोन्ही तळवे पुढं धरले होते आणि ते ती मागं घेईना. त्यानं टॉवेल बाजूला केला आणि हात तिच्या हातात ठेवला.

खोटं कशाला बोलू, मीही क्षणभर नजर वळवली. अंगठा आणि करंगळी, आणि मधे ते खुंट, लालसर, चकाकणारे. पण पोरीच्या चेहऱ्यावर एक आठी नाही. ती वाकून एकेका खुंटाकडं पाहायला लागली, अगदी सावकाश, नवीन जन्मलेल्या बाळाचं तोंड पाहावं तसं. मग तेलात बोट बुडवून हळूहळू चोळायला लागली. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. शेखरनं डोळे मिटले होते आणि त्याचा श्वास मोकळा होत होता, ते मला दारातूनसुद्धा दिसत होतं. बाहेर नळावर बादल्यांची आदळआपट चालली होती, रस्त्यावर कंटेनर धडधडत होते आणि त्या दहा बाय दहाच्या खोलीत मला एकदम डोक्यावर पदर घ्यावासा वाटला. मी घेतलाही. का ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

"आज पण नाही," सलोमी शेवटी म्हणाली आणि टॉवेल परत नीट घातला. "उद्या बघू हं पप्पा."

उद्या! मी तिला हाताला धरून बाहेर आणलं, पायरीवर बसवलं, शेजारी बसले. आता नाही तर कधीच नाही.

"सलोमी," मी म्हटलं, "माझ्याकडं बघ. उद्या ईस्टर आहे. बोटं येणार नाहीत, बाळा. उद्याही नाहीत आणि नंतरही नाहीत."

मी दोन्ही हात तयार ठेवले होते, रडली की पोटाशी धरायला. ती रडली नाही. खोलीकडं एकदा चोरून पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मला माहितीये."

"काय माहितीये?"

"येणार नाहीत ते. टाके काढले तेव्हाच डॉक्टरकाका म्हणाले. पालीचं वेगळं असतं."

"अगं कार्टे! मग सगळ्या मंडळीसमोर साक्ष कशाला दिलीस? आणि रोजचं हे बघणं कशाला?"

"हळू बोला ना टीचर!" तिनं माझ्या तोंडावर तेलकट हात ठेवला. "तसं नाही केलं तर पप्पा हात देतच नाहीत. कुणालाच देत नव्हते. मी म्हटलं, देवबापानं बोटं पाठवली का ते बघायचंय, तर दिला. मंडळीत सांगितलं की मग त्यांना रोज द्यायलाच लागतो."

"आणि देवाशी खोटं बोललीस त्याचं काय गं?"

"त्याला मी सगळं सांगितलंय," ती म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा. "मी म्हटलं, तुला बोटं द्यायची नसतील तर राहू दे. पण पप्पांचा हात मला देत जा. तो रोज देतो."

मी इतकी वर्षं पोरांना शिकवतेय, देवावर भरवसा ठेवा, भरवसा ठेवा. वचनं पाठ करून घेतली, चुकलं की उभं केलं. आणि भरवसा म्हणजे काय, तो कसा दिसतो, हे मला कधी दिसलंच नव्हतं. ही एवढीशी पोर नकार ऐकूनही देवाच्या दारातून उठली नव्हती. बसूनच राहिली होती. मी तिचा भरवसा सांभाळायला निघाले होते! माझी अक्कल बघा. मला तिच्या पायांना हात लावावासा वाटला, खरंच सांगते, पण तेवढ्यात तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. ती माझ्या पाठीमागं पाहत होती.

दारात शेखर उभा होता. सगळं ऐकलेलं दिसतच होतं.

"पप्पा..." ती कशीबशी म्हणाली आणि मग जे कधी पाहिलं नव्हतं ते मी पाहिलं. इतके दिवस सगळ्यांच्या चेष्टेला न बधलेली ती पोर हमसून हमसून रडायला लागली. "आता देणार नाहीत. टीचर, आता हात देणार नाहीत!"

मीच हे करून ठेवलं होतं. आता हा टॉवेल गुंडाळून भिंतीकडं तोंड करणार आणि पोरीकडं उरलेलं एवढंसंही जाणार. मी मनातल्या मनात नुसतं प्रभू, प्रभू म्हणत राहिले, पुढचे शब्दच सुचेनात.

शेखर पायरी उतरून तिच्यापुढं उकिडवा बसला. किती दिवसांनी त्याचा आवाज ऐकला मी.

"येडी का तू?" तो म्हणाला. "मला वाटायचं, तुला खरंच वाटतंय. पोरीचा देवावरचा भरवसा माझ्यापायी मोडाय नको, म्हणून मी हात देत होतो. न्हाई तर मला का बघू वाटतो व्हय तो हात?" त्यानं डाव्या हातानं तिचे डोळे पुसले. "रोज सकाळी म्हणायचो, देवा, तेवढी पोर तरी तुझी राहू दे."

हा तिच्यासाठी हात पुढं करत होता, ती याच्यासाठी बोटं मागत होती आणि दोघांच्या मधे कुणीतरी रोज सकाळी येऊन बसत होतं. पुस्तकातलं नाही सांगत. त्या पायरीवर त्या वेळी तो होता. ऊन पडलं की जसं अंगाला कळतं, तसं मला कळत होतं.

शेखर उठला. खोलीत जाईल असं वाटलं, पण त्यानं पायात चप्पल सरकवली. टॉवेल आत गादीवरच राहिला होता. नळावरच्या बायका हंडे सोडून त्याच्या हाताकडं बघायला लागल्या, एकीनं तर दुसरीला कोपरानं ढोसलं. त्याला दिसलं ते, पण त्यानं हात खिशात घातला नाही.

"चल," तो सलोमीला म्हणाला. "उद्या सण हाय. दूध आणू, शेवया करू."

ती नाक पुसत उठली आणि सवयीनं त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, एवढे महिने ही पोर बापाच्या त्याच बाजूनं चालत आलीय.

"तिकडून नगं," शेखर म्हणाला. "हिकडून ये."

ती वळसा घालून उजवीकडं आली. त्याच्या हाताकडं एकदा पाहिलं, मग आपली पाचही बोटं तिथं सरकवली आणि अंगठा घट्ट धरला. त्यानं करंगळी तिच्या मुठीवरून वळवली. गर्दीनं भरलेल्या नळासमोरून, सगळ्यांच्या देखत दोघं दुकानाकडं निघाली. मला उठून त्यांच्यामागं जायचं होतं, पण डोक्यावरचा पदर सावरून मी तिथंच पायरीवर बसून राहिले.