आरोहीची वाटी

दहा महिन्यांच्या आरोहीसमोर मऊ खिचडीची वाटी ठेवून दीपमालाने वहीत वेळ टाकली आणि मांडीवर लॅपटॉप ओढला. वहीत दोन महिन्यांच्या वाट्या होत्या, सगळ्यांपुढे 'पूर्ण'. शेवटी काल अंगणवाडीत भरलेलं वजन: सात किलो शंभर. दोन महिन्यांत काडीचा फरक नाही.

पडद्यावर तिचा समुद्रतळ होता. तिच्या गावाहून, मोताळ्याहून, समुद्र कुठच्या कुठे. पण गोव्याच्या संशोधन संस्थेतल्या सरांनी तळाच्या गाळातून आणलेल्या आकड्यांवरून तिथे कोण कोणाला खातं, कार्बन कुठून कुठे जातो, याचं गणित ती घरून मांडत होती. वरून मेलेलं शेवाळ पडतं, महिन्याभरात संपतं. खातात गाळातले किडे. तरी किडे वाढत नव्हते. मग खाल्लेलं जातं कुठे? सरांनी तीनदा विचारलं होतं.

त्यांना पाठवायचा निरोप सकाळपासून फोनवर लिहून ठेवला होता: 'मुलीकडे लक्ष पुरत नाही. काम सोडते आहे.'

"दीपा," दारातून सासूबाईंचा, केसरबाईंचा, दबका आवाज आला. "हालू नको. तिकडं पाह्य."

वाटीपाशी अंगणातली तांबडी कोंबडी उभी होती. आरोही खिचडीची मूठ तिच्यापुढे धरत होती, कोंबडी टोचत होती आणि पोर खुदखुदत होती.

"म्या म्हटलं, कोंबडी काऊन एवढी माजून राह्यली!" केसरबाईंना हसू आवरेना. "खाल्लं तिनं, अन् तू लिहून राह्यली लेकराच्या नावावर."

"मी पाहत होती ना, आई. वाटी रिकामी होत होती."

"वाटी पाह्यली तू. तोंड कुठी पाह्यलं?"

दीपमालाने लॅपटॉप बाजूला सरकवला. मग तिने आरोहीला मांडीवर घेतलं. गळा हलला की मगच पुढचा घास. भरवता भरवता डाव्या हाताने सरांचे आकडे पुन्हा उघडले. शेवाळ संपलं, एवढंच तिथे मोजलेलं होतं. ते सगळं किड्यांच्या नावावर तिनेच टाकलं होतं. जिवाणूही शेवाळ खातात आणि श्वासातून कार्बन सोडतात; त्या श्वासाचा रकाना सरांनी तळाशी भरलेला होता. तिने तो किरकोळ म्हणून सोडला होता.

फोनवरचा निरोप तिने पुसला. नवा लिहिला: 'सर, दोन दिवस द्या. एक खाणारा मोजायचा राहिला होता.'

अंगणात केसरबाई कोंबडीला हुसकत होत्या. आरोहीने मूठ पुन्हा तिकडेच पुढे केली.

दीपमालाने वही ओढली. 'चार घास,' तिने लिहिलं, आणि खाली ठळक रेघ मारली.