तिसरे ताट आणि ठोंब्या

मी एक जुना बाहुला आहे, मित्रांनो. आतून पोकळ. कुणी हात घातला की मला मान येते, तोंड येते, आवाज येतो. हात निघाला की मी नुसती चिंधी.

जन्माने मी शर्टाची बाही. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरचा तो शर्ट कोपराशी फाटला, तेव्हा त्याच्या बायकोने मला कापले, एका टोकाला शिवले आणि डोळ्यांच्या जागी एक काळे, एक पांढरे अशी बटणे लावली. पेंटरने लाल रंगाने तोंड काढले. हसऱ्या माणसाच्या हातून काढलेले, म्हणून ते जरा तिरकेच झाले. त्यांची धाकुटी ठमी मला पाहताच म्हणाली, "हा ठोंब्या!" झाले, तेच नाव पडले.

ठमीच्या बाबांचा हात आत शिरला की मला एकच काम होते: चुकायचे. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे रंगांप्रमाणे लावताना मी लाल चिमटा हिरव्यांत घुसवत असे. लहानापासून मोठ्यापर्यंत चमचे मांडताना वाढायचा मोठा डाव अगदी सुरुवातीला ठेवत असे. ठमी कपाळावर हात मारून म्हणे, "अरे ठोंब्या, डोकं कुठे ठेवून आलास?"

"अहो, पोरीला चुकीचं कशाला शिकवता?" आई विचारायची.

"मी कुठे शिकवतोय?" बाबा म्हणायचे. "तीच शिकवतेय ठोंब्याला. बिचाऱ्याचा अभ्यास फार कच्चा आहे."

जेवायची वेळ झाली की ताटे मोजायचे काम माझे. "एक, दोन, सात!" मी ओरडे. "तीन रे!" ठमी त्याहून मोठ्याने ओरडे. मग आई वाढायला घेई. असे घर होते ते.

एके दिवशी बाबा उंच पाटी रंगवायला गेले आणि परांचीवरून पडले. ते परत आले नाहीत. घरात माणसे आली, कुजबुजली, गेली. ठमीला कुणीतरी सांगितले, "बाबा लांबच्या कामावर गेलेत." आईने ते खोडून काढले नाही. मी दाराच्या मागे खिळ्याला लटकत होतो. माझ्या आत बाबांच्या बोटांनी पाडलेल्या जागा तशाच होत्या, रंगाचा वासही तसाच होता. जिन्यात पाऊल वाजले की मी त्या हाताची वाट बघत असे. पाऊल पुढे निघून जाई.

त्या घरात सगळ्यांत भीतीदायक काय होते, सांगू? तिसरे ताट. आई सवयीने तीन ताटे काढी. मग तिचा हात थांबे आणि एक ताट फळीवर परत जाई, आवाज न करता. ठमी ते रोज पाही. ताटांकडे, मग दाराकडे.

काही दिवसांनी शिशुवर्गाच्या बाई घरी आल्या. "पोर हुशार आहे हो," त्या आईला म्हणाल्या, "पण मोजायला सांगितलं की दोनपाशी थांबते आणि दाराकडे बघत बसते. बाकीची मुलं पुढे चाललीत. रागावू नका तिला. घरीच खेळता खेळता बघा जरा."

आईने मला खिळ्यावरून काढले. हात आत घातला. तिची बोटे त्या जागांत शिरली आणि थबकली, जणू आत आधीच कुणी बसले होते. "एक, दोन, तीन, चार," ती माझ्या तोंडून म्हणाली. सगळे बरोबर.

ठमी मागे सरकली. "हा ठोंब्या नाही. ठोंब्याला येत नाही."

आईने मला ओट्यावर ठेवले आणि पाठ फिरवून ती ताटे काढू लागली. आज तिने आठवणीने दोनच काढली. तेव्हा ठमीने मला उचलले. तिचा इवलासा हात माझ्या आत पार हरवला, माझी मान लुळी पडली. तरी तिने मला ताटांसमोर धरले आणि बाबांसारखा घोगरा आवाज काढला.

"एक, दोन... तीन!"

मग ती थांबली. मीही थांबलो. कुणीतरी चूक सुधारायची होती.

आईने ताटांकडे पाहिले. ती खाली बसली आणि माझ्या बटणांच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "चुकलास, ठोंब्या. दोन."

"बाबा कामावरून आल्यावर तीन?" मी विचारले. आवाज आता घोगरा नव्हता.

"नाही गं, राणी. बाबा कामावर पडले आणि वारले. ते येणार नाहीत. मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

ठमी रडली. आई रडली. मी दोघींच्या मध्ये चेंगरून भिजलो. अन्न निवले. मग मुसमुसत ठमी आईच्या हाताची बोटे एकेक करून चाचपू लागली. "एक... दोन... तीन," ती म्हणाली. दाराकडे तिने पाहिले नाही. "चार. पाच."

मित्रांनो, ठमी आता मोठी झाली आहे. माझा रंग उडाला, एक डोळा गेला. तुमच्या घरीही जुनी बाही असेल, बटणे असतील. एखादा ठोंब्या जरूर करा आणि धाकट्या भावंडांपुढे त्याला मनसोक्त चुकू द्या. आणि तुमच्या घरच्या मोठ्यांना माझा एक निरोप द्या: खेळात हवे तेवढे चुका, पण लेकराने खरे विचारले तर खरेच सांगा. न सांगितलेली गोष्ट घराबाहेर जात नाही. ती रोज जेवायला येऊन बसते.