दोन सूर वर

शिरगावच्या अण्णांचं मेंडोलिन इटलीचं होतं, आणि ही गोष्ट कुणी न विचारताही अण्णा सांगत. डहाणूच्या एका इराणी बागाइतदाराकडून त्यांनी ते पंचावन्न साली घेतलं. तेव्हापासून गावातली एकही हळद त्याच्याशिवाय लागली नव्हती. गावच्या साखरबाईने हळदीची गाणी गायची आणि अण्णांनी साथ करायची, हे तीस वर्षं ठरलेलं.

म्हणून गावातल्याच धर्माजीने त्या मेंडोलिनची हुबेहूब नक्कल करून आणली, तेव्हा अण्णांनी नाक मुरडलं. धर्माजी कुंभवलीच्या एका कारखान्यात लाकडी साचे करायचा. मेंडोलिनचं पोट फणसाचं, वरची फळी परदेशी मशीन आलेल्या खोक्याची. आत डोकावलं की खोक्यावरचा काळा बाण दिसे. पण पठ्ठ्याची नजर काय! जुन्यावर अण्णांचं मनगट टेकून टेकून जिथे कड झिजली होती, तिथे नव्याचीही कड त्याने तितकीच तासली होती. अण्णा मनातल्या मनात गार झाले. तोंडाने मात्र म्हणाले, "खोकं ते खोकंच."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतणीची, विजयाची हळद होती. तिथे कुठलं वाजवायचं, हा अण्णांना प्रश्नच नव्हता. पण नवंच वाजवा म्हणणाऱ्या धर्माजीचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून त्यांनी साखरबाईला ओटीवर बोलावलं. दोन्ही ऐक आणि सांग, म्हणाले.

आधी जुनं. त्याची फळी वयाने खचलेली, तारा ताणल्या की कुरकुरायची. म्हणून अण्णा त्या दोन सूर उतरवूनच लावत. त्यांची बोटं एकाच पद्धतीने बसलेली, तेव्हा वाद्य खाली म्हणजे गाणंही खाली. साखरबाई नेहमीसारखी गायली, गोड पण दबक्या आवाजात. अण्णांनी मोठ्या ऐटीत धर्माजीकडे पाहिलं.

मग नवं. "ताणा अण्णा, बिनधास्त ताणा. फळीला काय होत नाय," धर्माजी म्हणाला. अण्णांनी खुंट्या पिळून दोन सूर चढवले आणि नखी तारेला लावली.

साखरबाईने तोंड उघडलं आणि अण्णांचा हात थांबला. आत हळद कांडणाऱ्या बाया मुसळं हातात घेऊन तशाच बाहेर आल्या. काय तो आवाज! पन्नाशी उलटलेल्या बाईच्या गळ्यातून इतका मोकळा, इतका खणखणीत! अण्णांच्या अंगावर काटा आला. आणि मग त्यांना लाज वाटली.

"साखरे, तीस वर्षं हा आवाज कुठं ठेवला होतास?"

"पैल्याच हळदीला मी वर गेलेली, अण्णा," ती पदर सावरत म्हणाली. "तुमी तारा ताणल्या नि ते कुरकुरलं. तुमचं तोंड एवढंसं झालं. मंग मी खालीच ऱ्हायले. तुमचा किती जीव त्याच्यावर! मला काय, खालनंबी गाता येतं."

ज्या मेंडोलिनचा अण्णांनी इतका तोरा मिरवला, ते या बाईच्या गळ्यावर तीस वर्षं बसून होतं आणि तिने ब्र काढला नव्हता. त्यांनी जुनं मेंडोलिन कापडात गुंडाळून भिंतीशी ठेवलं.

"उद्या हे नवंच," ते म्हणाले. मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "अजून अर्धा सूर चढवू?"

"चढवा की," साखरबाई हसली. "पन आता मी पुढं जाते. तुमी मागनं या."

अण्णांनी खुंट्या पिळल्या आणि ती कधी सुरू करते याची वाट बघत बसले.